डाव्या बाजूचं दार

आज सकाळी खिडकी उघडली आणि समोरचा आंबा दिसला नाही. धारवाडात थंडी अशीच येते. आदल्या दुपारी पंखा लावलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातलं झाड नाहीसं झालेलं असतं. मी चहाचा कप हातात घेऊन तशीच उभी राहिले. हळूहळू आधी बुंधा आला, मग फांद्या, मग शेजारच्या आवाराची भिंत, आणि सगळ्यात शेवटी भिंतीपलीकडची पत्र्याची शेड. तिची दोन्ही दारं सताड उघडी होती. आत आता नव्या भाडेकरूंच्या सायकली असतात. तरी धुकं त्या दारांतून आत जाताना पाहिलं आणि माझा हात आपोआप कॅलेंडरखालच्या खिळ्याकडे गेला. किल्ली तिथे नाही हे मला ठाऊक आहे. वर्ष होत आलं.

रेवा, ईशान, परवा तुम्ही विचारत होतात, "आजी, गेल्या वर्षी तू सुट्टीत आमच्याकडे येणार होतीस ना? मग का नाही आलीस?" तेव्हा तुमच्या मागच्या खिडकीत बर्फ पडत होता आणि तुमची आई स्वयंपाकघरातून ओरडून कानटोप्या कुठे आहेत ते विचारत होती. एवढ्या गडबडीत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून मी गुडघ्यांवर भागवलं. गुडघे आहेतच. पण मी राहिले ते एका गाडीसाठी, आणि त्या गाडीच्या निमित्तानं एका बाईला जे उत्तर द्यायचं होतं त्यासाठी. आज धुकं आहे, घर शांत आहे, तुमचे आजोबा अजून उठलेले नाहीत. आज लिहिते.

शेजारच्या शांताक्का तुम्हाला आठवत असतील. काटेरी हलवा करायच्या त्या. शेगडीच्या मंद निखाऱ्यावर परात ठेवून, तिळावर पाकाचे थेंब सोडत, बोटांनी हलवत बसायच्या. थंडी पुरेशी असेल तरच हलव्याला काटा फुटतो, असं त्या सांगत आणि पहाटे अंगणात बसत. आमच्यासाठी त्या नुसत्या अक्का. त्यांचे यजमान अप्पा. अप्पांना जाऊन पाच-सहा वर्षं झाली. आणि त्यांची ती गाडी: गोल दिव्यांची, दह्याच्या रंगाची, पाठीमागून पाहिली तर एखाद्या पाटावर ऐसपैस बसलेल्या बाईसारखी रुंद. पुढची सीट अखंड, बाकासारखी. गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला. अप्पा तिला नाव न देता नुसतं 'ती' म्हणत. "ती आज खोकतेय." "तिला जरा ऊन दाखवायला हवं." अक्का म्हणायच्या, "आमच्या घरात 'ती' म्हटलं की मी समजायचं नाही. मी म्हणजे 'अगं'."

तुमची आई लहान असताना त्या गाडीतून आम्ही कलघटगीच्या रस्त्याला जायचो. रविवार, कोवळं ऊन, दोन्ही बाजूंना हरभरा. मागच्या सीटवर मी, तुमचे आजोबा, तुमची आई आणि अक्कांची लेक वैजू. खिडकीतून ओल्या मातीचा आणि उसाच्या पाचटाचा वास आत यायचा. अप्पा एखाद्या शेताशी गाडी थांबवायचे, कुणाच्या तरी ओळखीनं हरभऱ्याचे डहाळे घ्यायचे, आणि परत येईपर्यंत मागच्या सीटखाली हिरव्या सालींचा ढीग झालेला असायचा. त्या साली दुसऱ्या दिवशी अप्पा एकेक करून वेचायचे, पण आम्हाला कधी काही बोलले नाहीत.

अप्पा गेले त्याच्या दहाव्याला कावळा शिवेना. हे तुम्हाला ठाऊक नसेल. दहाव्या दिवशी भाताचा पिंड ठेवतात, आणि कावळ्यानं त्याला चोच लावली म्हणजे गेलेल्या माणसाचं मन मागे अडकलेलं नाही, असं धरतात. कावळा आला नाही तर जमलेली माणसं एकेक करून मोठ्यानं वचनं देतात. ज्या वचनाला कावळा येईल, ती त्या माणसाची राहिलेली इच्छा. त्या दिवशी तळ्याकाठच्या चिंचेवर कावळे बसले होते आणि आमच्याकडे बघत होते. ऊन चढलं. भटजी मनगटावरचं घड्याळ बघायला लागले. पुतण्या म्हणाला, वर्षश्राद्ध चुकवणार नाही. कावळे हलले नाहीत. वैजू रडत म्हणाली, "अप्पा, आईला मी माझ्याकडे नेईन." आणि तिचं वाक्य संपतंय न संपतंय तोच तुमचे आजोबा पुढे झाले, हात जोडून म्हणाले, "अप्पा, गाडी विकणार नाही. आम्ही सांभाळू. आता या की!"

एक कावळा सरळ खाली आला.

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. कुणीतरी रडता रडता हसलंसुद्धा. अप्पांचा जीव गाडीत असणार, यात नवल काय? त्या दिवसापासून ती गाडी विकायची नाही हे ठरलं. गाडी ठेवायची म्हणजे शेड हवी, शेड हवी म्हणजे घर हवं, आणि घर ठेवायचं तर त्यात कुणीतरी राहायला हवं. ते कुणीतरी म्हणजे अक्का. हे मात्र कुणी मोठ्यानं बोललं नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर अक्का न्हाणीघरात पडल्या. हाड मोडलं नाही, पण दुपारपर्यंत तिथेच पडून होत्या. मी पेपर द्यायला गेले तेव्हा समजलं. वैजू पुण्याहून धावत आली. हुबळीचे एक कापडवाले, जुन्या गाड्यांचे शौकीन, गाडी विकत द्या म्हणून बरेच दिवस मागे लागले होते. त्यांना संक्रांतीला हो की नाही ते सांगायचं ठरलं. तोवर नाताळच्या सुट्टीत अक्कांनी पुण्याला राहून बघावं, असं वैजूनं ठरवलं.

निघायच्या आदल्या दिवशी अक्का किल्ली घेऊन आल्या.

"रोज सकाळी एकदा सुरू कर. चोक ओढ, तापली की आत ढकल. जरा पुढे घे, जरा मागे घे, म्हणजे टायर एकाच अंगावर बसत नाहीत. उंदरांसाठी तंबाखूची पानं ठेवलीत, ती काढू नकोस."

"अक्का, हे सगळं मला पाठ आहे."

"आणि अजून एक." त्या खुर्चीवर बसल्या. "ते येतात का, बघ."

"कोण?"

"कोण म्हणजे काय! मला कधी कधी पहाटे शेडमध्ये आवाज येतो. पण मला काय, म्हातारीला कशाचाही आवाज येतो. तू जन्मभर गणित शिकवलंस. दिसेल तेच सांगशील, जास्त नाही, कमी नाही. येत असतील तर मी त्या हुबळीवाल्यांना नाही म्हणते आणि इथेच राहते. येत नसतील तर गाडी देते आणि वैजूकडे जाते." मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "माझ्याच्यानं आता इथं निभत नाही गं. पण त्यांना तिच्याजवळ एकटं सोडून जायचं कसं?"

किल्ली मी कॅलेंडरखालच्या खिळ्याला लावली. मला वाटलं, सोपं काम आहे. काही दिसणार नाही, तसं सांगायचं, आणि एक थकलेली बाई मोकळ्या मनानं लेकीकडे जाईल.

पहिल्या सकाळी शाल गुंडाळून गेले. कुलूप इतकं गार की बोटं चिकटतील असं वाटलं. आत पेट्रोल, जुनं रेक्झिन आणि तंबाखूची पानं यांचा मिळून एक वास होता. अप्पा शेजारी येऊन उभे राहिले की यायचा तोच. कव्हर काढून घडी घातली. स्टार्टर दाबला. गाडी आधी खोकली, मग शिंकली, आणि मग सगळी शेडच थरथरायला लागली. पत्र्यावरचं दव बाहेर टपटप गळलं. मी गाडी जरा पुढे घेतली, जरा मागे घेतली, बंद केली, डावं दार आतून लॉक केलं, उजवीकडून उतरले, किल्ली फिरवली, कव्हर घातलं, शेडला कुलूप लावलं. त्या गाडीला बाहेरून किल्ली फक्त चालवणाऱ्याच्या दाराला. डाव्या दाराला किल्लीचं भोकच नाही. ते उघडायचं तर आत बसूनच.

दुसऱ्या सकाळी कव्हर डाव्या बाजूला फुगलेलं दिसलं. जाड कापडाखाली कुणीतरी कोपर बाहेर काढून उभं असावं, तसं. मी त्या फुगवट्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग कव्हर उचललं. डावं दार वीतभर उघडं होतं.

विसरले असेन, मी म्हटलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हे उत्तर फार सोयीचं असतं. त्यात काहीही मावतं. दार बंद केलं, ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं. तिसऱ्या सकाळी कव्हर परत तसंच फुगलेलं.

"मांजर असेल," तुमचे आजोबा म्हणाले. त्यांच्या एका डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, आणि दुसऱ्या डोळ्यानं ते पेपर वाचत होते.

"मांजरानं आतली मूठ दाबली?"

"मग शिकलेलं मांजर असेल. तुझ्या वर्गातलं."

"शेडला बाहेरून कुलूप होतं."

त्यांनी पेपर खाली केला. "माझ्याकडे काय बघतेस? मला वाकायची बंदी आहे."

मग नवनगरहून दस्तगीर मेकॅनिक आला. अप्पा असताना त्या गाडीला त्यांच्याशिवाय हात लावायची मुभा फक्त त्याला होती. त्यानं दार उघडलं, मिटलं, कान लावून ऐकलं. "टीचर, हा म्हाताऱ्या माणसाचा जबडा झालाय. मिटला तरी मिटत नाही."

"माझा मिटतो," आजोबा भिंतीपलीकडून म्हणाले.

"कधी?" मी विचारलं.

दस्तगीर हसून हसून गुडघ्यावर बसला. मग त्यानं लॉक उतरवलं, हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात दिवसभर हिंडून त्या मापाची लोखंडी जीभ कुठून तरी पैदा केली आणि बसवली. दार दणादणा आपटून दाखवलं. "आता आतून लाथ मारली तरी उघडायचं नाही. इन्न चिंता इल्लरी, टीचर. काळजी सोडा."

दुसऱ्या सकाळी दार वीतभर नव्हे, हातभर उघडं होतं. नव्या लोखंडी जिभेवर ग्रीस चकाकत होतं.

खरं सांगायचं तर मला तोवर भीती वाटली नव्हती. चीड आली होती. एखादं गणित मुलांसमोर फळ्यावर सुटू नये, तशी. घरातून सुतळी आणली, डाव्या दाराची मूठ आणि गिअरचा दांडा एकमेकांना ताणून बांधले, गाठीवर गाठ मारली. त्या दिवशी दुपारभर मी उन्हात बसून पावट्याच्या शेंगा सोलल्या आणि मनातल्या मनात विजयी होते.

सकाळी सुतळी तुटलेली नव्हती. ती सोडवलेली होती. सीटवर, बरोबर मधोमध, तिची गुंडी करून ठेवलेली होती: अंगठा आणि करंगळी यांत आठासारखी गुंडाळलेली, शेवटचं टोक मधून ओवून आत खोचलेलं. वाण्याच्या पुड्याचा दोरा असो, हाराचा असो, अप्पा तो असाच गुंडाळून खिशात ठेवायचे. तुमच्या आईला पतंगाचा दोरा त्यांनी कितीदा तरी असाच करून दिला होता. तिला विचारा, तिची बोटं अजून ते विसरली नसतील.

मी गुंडी हातात घेतली नाही. तिच्या शेजारी बसले. दाराच्या फटीतून पलीकडे अक्कांच्या घराच्या पायऱ्या दिसत होत्या, आणि एकाएकी ती सगळी जुनी सकाळ माझ्यासमोर आली. कलघटगीला निघायचं आहे. अप्पा उजवीकडून आत बसले आहेत. सीटवरून पार डावीकडे कलून, एका हातावर भार देऊन, ते दुसऱ्या हातानं मूठ दाबतात आणि दार बाहेर ढकलतात. अक्का पायऱ्यांवर उभ्या, केसांत अबोली, हातात डब्याची पिशवी. 'ये' नाही, 'बस' नाही. दार उघडलं की निघायचं. इतकी वर्षं मी मागच्या सीटवरून हे बघितलं होतं, आणि कधी त्याचा विचार केला नव्हता.

एळ्ळ अमावास्येच्या दिवशी इथे गावोगावची माणसं भाकऱ्या-भाज्या बांधून आपापल्या शेतावर जेवायला जातात. त्या सकाळी रस्ता अगदी मोकळा होता. दूधवालासुद्धा लवकर येऊन गेला होता. मी गाडी सुरू केली आणि इंजिन तापायची वाट बघत बसले. डावं दार बंद होतं. मीच ते नुकतंच ओढून घेतलं होतं. काचांवर आतून वाफ धरत होती.

माझ्याखालची स्प्रिंग वाजली. मी हलले नव्हते. सीट माझ्या डाव्या अंगाला दबली, हळूहळू, एखादा जड माणूस हातावर भार टाकून कलतो तशी, आणि तोल जाऊन मीही त्या बाजूला कलले. ज्या जागी मी बसले होते, त्याच जागेवरून कुणीतरी डावीकडे झुकलं होतं. माझ्यातून. दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही. गार वाटलं नाही. उलट अंगावर शाल जास्त झाल्यासारखं गरम वाटलं. समोर मूठ खाली गेली. दार बाहेर ढकललं गेलं आणि कुणी धरून ठेवावं तसं थांबलं. बाहेर फरशी, धुकं, पायऱ्या. कुणाची तरी वाट बघितली जात होती, आणि ते माणूस मी नव्हते.

मी किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. सीट वर आली.

 भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. दुसऱ्यांच्या घरात, त्यांच्या खासगी क्षणी आपण शिरलो, तशी.

त्या दुपारी अक्कांचा फोन आला. "येतात का गं?"

"गाडी एका दमात सुरू होते, अक्का."

"गाडीचं विचारलं नाही मी."

"आवाज कटतोय," मी म्हटलं. आवाज स्वच्छ येत होता.

मग मी तुमच्या आजोबांना सगळं सांगितलं. सुतळीचंसुद्धा. ते एकदाही हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "सांगू नकोस तिला," ते म्हणाले. "अप्पा येतात म्हटलंस की ती पुणं सोडून इथे येऊन बसेल. पुन्हा पडेल. आणि दार तिच्याचसाठी उघडत असेल तर त्याचा अर्थ तुला कळतो का?"

"कळतो." तो शब्द आम्ही दोघांनीही उच्चारला नाही.

"वचन मी दिलंय. गाडी मी आपल्या आवारात आणतो. काहीही होवो. तिला जाऊ दे."

"आणि आपल्या आवारात ते दार कुणासाठी उघडणार?"

 त्यानंतर मी रोज गेले, रोज गाडी सुरू केली, पण खिडकीतून हात घालून, बाहेर उभी राहून. दार उघडंच असायचं. मी ते बंद करायचं सोडून दिलं.

संक्रांतीच्या आधी अक्का परत आल्या, उत्तर द्यायला. सोबत वैजू. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या अंगणात उन्हाला येऊन बसल्या, सूप मांडीवर ओढून शेंगा सोलायला लागल्या आणि म्हणाल्या, "हं. सांग."

आजोबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. नको. पण ज्या बाईनं मला जास्त नाही, कमी नाही म्हणून विचारलं होतं, ती समोर बसली होती. मी सांगितलं. कव्हरचा फुगवटा, दस्तगीरची जीभ, सुतळी, अमावास्येची सकाळ. वैजूचा हात तोंडावर गेला. अक्का शेंगा सोलत राहिल्या.

"कुठलं दार म्हणालीस?"

"डावं."

"उजवं कधीच नाही?"

"नाही."

"आरसा हललेला? गिअर पडलेला?"

"काहीच नाही. फक्त डावं दार."

अक्का हसायला लागल्या. आवाज न करता, खांदे हलवत. "म्हणजे ते गाडीसाठी येतच नाहीत. मला न्यायला येतात."

"आई!" वैजू ओरडली.

"ओरडतेस काय? लग्न झाल्यापासून ते दार माझ्यासमोर उघडलंय. त्याचा अर्थ मला माहीत आहे, तुम्हाला नाही. त्याचा अर्थ, उशीर झाला, निघ. जिथं जायचं तिथं निघ." मग त्या तुमच्या आजोबांकडे वळल्या. "भाऊजी, त्या दिवशी तळ्यावर आधी कोण बोललं होतं?"

"मी," आजोबा म्हणाले. मग थांबले. "नाही. वैजू."

"वैजू काय म्हणाली होती?"

वैजूनंच सांगितलं, हळू. "आईला मी माझ्याकडे नेईन."

"हां. आता मला सांगा, कावळ्याला चिंचेवरून खाली यायला वेळ लागतो की नाही? तो निघाला हिच्या बोलण्यावर. खाली पोचेपर्यंत तुम्ही मधे आपली गाडी घुसवलीत."

आजोबांचं तोंड उघडंच राहिलं. यावर त्या दिवशी कुणी विनोद केला नाही.

"इतकी वर्षं," अक्का म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांनी तिला ऊन दाखवलंत. तेल-पाणी केलंत. न्हाणीत मी पडले तेव्हासुद्धा आधी मला वाटलं, आता तिला कोण सुरू करणार?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "मला घेऊन चल गं वैजू."

वैजू उठून त्यांच्याजवळ गेली आणि लहान मुलीसारखी त्यांच्या पायाशी बसली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "पण आई, दुसरा अर्थ असला तर? ते खरंच..."

"तर काय? इंजिन चालू ठेवून वाट बघायची त्यांना सवय आहे. मी कधी वेळेवर निघालेय?"

स्टेशनला जायला अक्कांनी तीच गाडी मागितली. तिथूनच हुबळीवाल्यांची माणसं ती नेणार होती. शेड उघडली तेव्हा डावं दार उघडं होतं.  अक्का हात न लावता आत बसल्या आणि दार त्यांनी स्वतः ओढून घेतलं. मी, वैजू आणि सामान मागे. दस्तगीर चालवायला बसला.

"दस्तगीर, जरा पलीकडे सरकून बस."

"याक्री, अक्का? का?"

"मधे जागा लागते."

बिचाऱ्या दस्तगीरनं आमच्या मालमड्डीपासून स्टेशनपर्यंत सगळा वेळ गाडी अर्ध्या मांडीवर बसून चालवली, ओठ सारखे हलत होते, आणि आरशात त्यानं एकदाही पाहिलं नाही. मी पाहिलं. आरशात मला माझंच कपाळ दिसलं, आणि पुढच्या सीटचं रेक्झिन, मधोमध खोल दबलेलं.

महिन्याभरानं तुमच्या आजोबांनी हुबळीला फोन करून उगाच गाडीची चौकशी केली. दार कसं आहे? एकदम घट्ट, ते गृहस्थ म्हणाले, कधी आपणहून उघडलं नाही, का हो? सहज, आजोबा म्हणाले. त्यांनी फोन ठेवला आणि त्या संध्याकाळी ते फार लवकर जेवले. मला वाटलं, सुटले. तेही, अप्पाही, मीही.

हे सगळं लिहून होईपर्यंत ऊन आलं. आंबा पूर्ण दिसायला लागला. आजोबा उठले, त्यांना चहा दिला, आणि मला अक्कांचा आवाज ऐकावासा वाटला म्हणून पुण्याला फोन लावला. फोन लगेच उचलला गेला. मागे कुकरची शिट्टी वाजत होती.

"बरी आहे की. इथं थंडी म्हणावी अशी नाहीच. सहाव्या मजल्यावर कसलं धुकं? हलवा करून बघितला, काटा फुटेना. नातवाला तसाच आवडला." मग त्यांनी आवाज खाली आणला. "एक सांगू? वैजूला बोलू नकोस."

"सांगा."

"रोज सकाळी लिफ्ट आमच्या मजल्यावर येऊन थांबते. कुणी बटण दाबत नाही. आपली येते, दार उघडतं, आत कुणी नसतं. वॉचमन म्हणतो, वायरिंग खराब झालंय."

माझ्या हातातला फोन मी दुसऱ्या कानाला लावला. "मग तुम्ही काय करता, अक्का?"

"करायचं काय? चपला न घालता दारात जाते आणि सांगते, आज नको, आज पोराचा डबा भरायचाय."

"मग?"

"मग बंद होतं. खाली जाते." कुकरची शिट्टी पुन्हा वाजली. "आता ऐकतात गं माझं. पूर्वी कुठं ऐकायचे?"